दुखत नाही म्हणजे

मंगळवार, ४ मार्च

दुरुस्ती. नोव्हेंबरात माझ्या स्तनातल्या गाठीबद्दल लिहिताना मी लिहिलंय, "डॉक्टर म्हणाल्या, दुखत नाही म्हणजे काळजी नाही." हे चूक आहे. त्या म्हणाल्या होत्या, "गुळगुळीत आहे, बोटाखाली सरकते, तुझ्या वयात अशी गाठ बहुतेक साधीच असते." दुखण्याचं मीच विचारलं. त्यावर उत्तर मिळालं, "दुखण्यावरून काही ठरत नाही." जिना उतरताना मी त्याचं सोयीचं वाक्य केलं. घरी पोचेपर्यंत ते डॉक्टरांचं झालं होतं, आणि जेवताना मी ते सगळ्यांना ऐकवलं.

खोडत नाही. चूक खोडायची नाही, खाली बरोबर लिहायचं – हे काकूचं शिकवणं. शाळेत जायच्या आधी दोन वर्षं तिनेच मला आमच्या छापखान्याच्या मागच्या खोलीत, प्रुफांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं शिकवली. आता आम्ही दोघी त्याच टेबलाशी प्रुफं तपासतो. एकीने छापलेलं मोठ्याने वाचायचं, दुसरीने मूळ प्रत धरायची.

आज ती वाचत होती. मध्येच थांबली. "मलाही आहे हं तुझ्यासारखी. डाव्या बाजूला."

"कधीपासून?"

"तुझी निघाली त्याच्या थोडं आधीपासून. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, तूच सांगितलंस ना." आणि पुढे वाचायला लागली – स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं म्हणत. मी प्रत धरून बसले. एक अक्षर दिसत नव्हतं.

चार महिने!

बुधवार, ५ मार्च

दार लावून तिला म्हटलं, दाखव. "काय गं, आता तू माझी परीक्षा घेणार?" हसत होती. पण दाखवलं.

माझ्यासारखी नाही. मुळीच नाही. माझी बोटाखालून निसटते. हिची दगडासारखी, जागची हलत नाही. वरची कातडी आत ओढली गेली आहे, शिवणीचा दोरा जास्त ताणला की कागदाला पडतो तसा खळगा. मला काही कळत नाही, पण या दोन गाठी एक नाहीत एवढं कळतं.

शुक्रवार, ७ मार्च

संताप संताप झालाय, नीट लिहिता येईल का पाहू.

काका तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी मागोमाग. काकांच्या तोंडून शब्दच निघेना. "हिला ते... तिकडे जरा... गाठीसारखं." दोनशे पानांचं शरीरशास्त्राचं पुस्तक याच माणसाने छापलंय, स्तन हा शब्द त्यात निदान शंभरदा असेल. बायकोच्या बाबतीत 'तिकडे'!

डॉक्टरने हात लावला नाही. खुर्चीतून उठलासुद्धा नाही. वय विचारलं. चोपन्न. "पाळी जाताना होतं असं." मी म्हटलं, कातडी आत गेलीय. तो काकांकडे बघून म्हणाला, "आजकालच्या मुली फार वाचतात." काकांनी लगेच पुरवणी जोडली, "पुतणीलाही आलेली, घराण्यातच आहे. काही निघालं नाही तिचं." डॉक्टरने मान डोलावली आणि ताकदीच्या गोळ्या लिहिल्या.

म्हणजे माझी गाठ काकूच्या तपासणीत पुरावा म्हणून दाखल झाली. माझं वाक्य.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "झालं? आता या विषयावर पडदा."

सोमवार, १० मार्च

कागदाच्या व्यापाऱ्याकडे जातो असं सांगून काकूला मोठ्या रुग्णालयात नेलं. खोटं बोलले. दुरुस्ती करणार नाही.

सर्जनबाईंनी हात वर करायला लावले, खाली करायला लावले, दोन्ही स्तन, दोन्ही काखा, गळ्याखाली. सावकाश. चौकशी केली – स्राव होतो का, बोंड आत गेलंय का, आई-बहिणींत कोणाला होतं का. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी, आणि सुईने गाठीतला तुकडा काढून घेतला.

काकूने मध्येच विचारलं, "बहुतेक गाठी साध्या असतात म्हणतात."

"खरं आहे. कुठे पाण्याची पिशवी असते, कुठे नुसती तंतूंची गोळी, अंगावर पाजणाऱ्या बाईला पू झालेला असतो. कॅन्सर कमीच."

"मग मी त्या बहुतेकांत का नसेन?"

"असालही. म्हणून तर सुई. माझी बोटं ठरवत नाहीत, वय ठरवत नाही, आणि घरची मंडळी तर नाहीच नाही."

काकूला हसू आलं. मला नाही आलं.

बुधवार, १२ मार्च

काकांना सांगितलं. म्हणाले, "खोदून खोदून दुखणं उकरायचं." दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. बरंच झालं.

मंगळवार, १८ मार्च

कॅन्सर आहे. काखेतल्या एका गाठीपर्यंत पोचलाय, पुढे गेल्याचं तपासण्यांत दिसत नाही.

रिपोर्ट काकूने स्वतः वाचला. मोठ्याने, स्वल्पविरामासकट. सर्जनबाई अडवणार होत्या, मी खुणेने थांबवलं. ही तिची वाचायची पद्धत आहे.

उपचार समजावून सांगितले. गाठ आणि भोवतालचा भाग काढून नंतर किरणं द्यायची, किंवा पूर्ण स्तन काढायचा. काखेचंही ऑपरेशन. पुढची औषधं काढलेल्या भागाच्या तपासणीवर ठरतील, गोळ्या काही वर्षं घ्याव्या लागतील. काकूने पहिला मार्ग निवडला. काका भिंतीकडे बघत होते. एकदाच बोलले, "बरी होईल ना?" आवाज ओळखू येईना. मला त्यांचा राग धरून ठेवता आला नाही, याचाही राग आला.

सगळे बाहेर गेल्यावर मी सर्जनबाईंना विचारलं, चार महिने आधी आलो असतो तर?

"ते आता उगाळू नका."

"मला खरं सांगा."

"लहान असती. याहून जास्त मी सांगू शकत नाही."

गुरुवार, २० मार्च

काकूला सांगून टाकलं. ते वाक्य डॉक्टरांचं नव्हतं, माझं होतं. मी रडले. ती नाही.

"मला त्याच दिवशी वाटलं होतं," ती म्हणाली. "डॉक्टर असं गुळगुळीत बोलत नाहीत. वळण तुझंच."

"मग विचारलं का नाहीस?"

"सोयीचं होतं गं. तुझ्यामागे लपले. भीती मलाही वाटते, मी काय फक्त तुम्हाला शिकवायलाच जन्मले?"

मला तिचाही राग आला, अगदी खरा. एका शब्दाला तीनदा कोश उघडणारी बाई!

मग म्हणाली, "तुझा रिपोर्ट आण. माझा मी नीट समजून घेतला, तुझा अजून एकदाही पाहिला नाही. आण, मी वाचते."

उद्या शोधून देते म्हटलं.

शुक्रवार, २१ मार्च

रिपोर्ट नाही. हरवलेला नाही – नाहीच. डॉक्टरांचं वाक्य 'साधीच असते'वर संपलं नव्हतं. पुढे होतं, "पण सोनोग्राफी आणि सुई झाल्याशिवाय मी खात्री देणार नाही." मला सुईची भीती वाटली. गेले नाही. काकांवर, त्या डॉक्टरवर, काकूवर एवढी चिडले, आणि माझ्या गाठीत काय आहे हे मला माहीतच नाही. संध्याकाळी काकूला सांगितलं. तिने माझ्यासमोर फोन ठेवला. तिचं ऑपरेशन गुरुवारी आहे. माझी सुई त्याआधी – सोमवार, २४ मार्च, सकाळी साडेदहा.