अंगठा उमटेना म्हणून

अगं,

"छापखान्यात गेलास तर पोटाला मिळेल रे, पण बोटं झिजतील," असं माझे बाबा म्हणायचे. काल पेन्शन कचेरीतल्या यंत्रावर अंगठा उमटेना, तेव्हा त्यांचा तो आवाज कानाशी आला नि मला हसू फुटलं. तुला वाटलं, बरं झालं म्हणून हसतोय. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजलीस ती निजलीसच.

म्हणून तुला न उठवता निघालोय. मी हयात आहे हे यंत्राला पटलं, तरच पेन्शनचं पत्र मिळेल. आणि ते पत्र असलं, तरच लेकीच्या देशात राहायला निवृत्तांचा व्हिसा. काल कचेरी बंद करता करता कारकूनबाई म्हणाल्या होत्या, "आजोबा, कुठलंही बोट चालतं." जन्मभर छपाईचे शिशाचे खिळे जुळवून अंगठे गुळगुळीत झाले, पण करंगळीनं कधी काडी इकडची तिकडे केली नाही. आज तिला कामाला लावतो. तीही रुसली, तर डोळ्यांवरून माणूस ओळखणारं यंत्र आहे.

दूध तापवून झाकलंय. गुडघ्याची गोळी बशीत आहे, उपाशीपोटी घेऊ नकोस. आणि बॅगेतले माझे लोकरीचे कपडे काढू नकोस.

वर्षभर मी साऱ्यांना सांगत सुटलो, "हिच्या हट्टापायी चाललोय, मला कुठली हौस!" खोटं होतं गं ते. नातीची शाळा सुटावी, मी फाटकाशी उभं असावं, तिचं दप्तर माझ्या खांद्यावर यावं, यासाठी माझाही जीव तुटतो. तुझ्याहून कणभर जास्तच.