आज किती भरले?

॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

लोहारा,
मंगळवार, २९ जुलै २०२५
नागपंचमी

चि. शिवप्रिया,

तुला पंचमीचे भरभरून आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. तूही असशील, असं धरून चालतो.

डबा अडीचच्या लातूर गाडीनं पाठवतोय. कंडक्टर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडंच माग. आज तवा ठेवायचा नसतो, म्हणून भाकरी नाही. वरच्या कप्प्यात पुरणाचे दिंड आहेत, मधल्यात आमटी, खाली तुझ्या आजीनं, म्हणजे आमच्या अव्वानं, वळलेले शेंगदाण्याचे लाडू. लाडू कडक झालेत. तिला फोनवर मऊ होते म्हणून सांग, नाहीतर पुढच्या डब्यात दुप्पट येतील. हे पत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवतोय. आधी जेव, मग वाच. हे चेष्टेनं म्हणत नाही.

हातात मोबाइल असताना मामाला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणशील. फोनवर मला नीट बोलता येत नाही. बोलणं जरा जड झालं की मी काहीतरी विनोद करतो आणि सुटतो. कागदावर तसं सुटता येत नाही.

परवा रविवारी संध्याकाळी तू फोनवर सहज विचारलंस, "मामा, आज किती भरले?" आणि फोन बंद झाला. रेंज गेली होती, असा मेसेज मी नंतर केला. रेंज चांगली होती. त्याचं सांगतो, पण जरा वेळानं.

तू पाठवलेला उडत्या मोटारीचा व्हिडिओ शनिवारी सास्तूरला घरी सगळ्यांना दाखवला. तुझी आई पंचमीसाठी तेरहून आली होती, शेजारच्या चन्नम्मा आत्याही बसल्या होत्या. चार पंखे फिरले आणि मोटार जागच्या जागी वर उठली, तशी आत्यांनी पदर सावरला, वारा मोबाइलमधून यायलाय असं समजून. मी ऐटीत सांगितलं, आपली शिवप्रिया हेच शिकायचं म्हणते. मग तेर ते लातूर पंधरा मिनिटं. एसटीची वाट बघणं नाही, जीपमध्ये मांडीवर मांडी नाही. अव्वा म्हणाली, "आन् वर बंद पडली तर ढकलाय उतरायचं कुठं?" सगळे पोट धरून हसले. अव्वाही हसली. मग तीच हळू म्हणाली, "वरून पडली तर?" आणि उठून आत गेली. बराच वेळ आतून नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

तो व्हिडिओ मी नंतर कितीदा पाहिला, ते सांगत नाही. चाचणीची मोटार आहे, आत माणूस नाही, रिकामीच उडते. तुला त्याचंच कौतुक. मी दरवेळी त्या रिकाम्या सीटकडं बघत बसतो.

रविवारी तुझी आई लोहाऱ्याला माझ्या फॉर्म भरायच्या दुकानात आली. बांगड्या भरायला आले म्हणाली. बांगड्या भरायच्या होत्याच, पण आधी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "अण्णा, तिनं इंजिनिअरिंगच्या फॉर्मसाठी धाडलेली यादी ऱ्हाऊ दे बाजूला. उडत्या मोटारी हितं कोण घ्यायलंय? साधी मोटार दारात यायची तर चिखल आडवा येतोय. नोकरी कुठं लागंल तिला? तू कॉम्प्युटर पयलं टाक, विमानाचं खाली ढकल. पोरीला काय कळतंय?"

मी म्हणालो, "उमा, तिनं क्रम विचार करून लावलाय."

त्यावर ती म्हणाली, "महांतेशचं बी तूच बघितलतास न्हवं? पास झाल्या झाल्या लागली की नोकरी!"

आईवर रागावू नकोस. ती मनापासून बोलत होती. तिला एवढंच ठाऊक आहे, की धाकट्या भावाचा फॉर्म अण्णानं भरला. कसा भरला, ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

महांतेशमामा तुला कितपत आठवतो? तो गेला तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. तुला खांद्यावर घेऊन अंगणभर घरघर करत फिरायचा, ते आठवत असेल. आमच्याकडं त्याचा विषय निघत नाही. साइटवर अपघात झाला, एवढं तुला सांगितलंय. बाकीचं आज सांगतो.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. बाबा दगडाच्या भिंतीखाली गेले. महांतेश त्यानंतर चार महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये जन्मला. त्यानं ना बाप पाहिला, ना जुनं गाव. तरी भूकंपाचा हिशेब सगळ्यांत जास्त तोच करायचा. रस्ते बंद होते, दवाखान्यात न्यायला गाडी आत येईना, म्हणून कितीतरी माणसं हकनाक गेली, हे त्यानं मोठ्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. सातवीत असताना त्यानं वहीच्या मधल्या दोन पानांवर एक मोटार काढली. खाली चार पंखे, मागं एक माणूस आडवा झोपवता येईल एवढी जागा. "अण्णा, हिला रस्ता लागतच न्हाय," म्हणाला. घराच्या गच्चीवर ती उतरवायची जागासुद्धा त्यानं खडूनं आखली होती. अव्वानं तिथं पापड वाळत घातले, तर दिवसभर भांडला.

तू व्हिडिओ पाठवलास तेव्हा मी काय पाहिलं असेल, ते आता तुला कळेल.

बारावीनंतर त्याला एरोनॉटिकलला जायचं होतं. मार्क होते. तेव्हा मी इथंच एका नेट कॅफेत कामाला होतो. त्यानं स्वतः बसून विकल्प भरले, पहिलं एरोनॉटिकल, आणि मला पासवर्ड देऊन म्हणाला, "अण्णा, उद्या शेवटचा दिवस हाय, तेवढं पक्कं करून प्रिंट काढून आण. मी पंचमीला झोक्यावर हाय." पासवर्ड होता 'उडतीगाडी९४'.

त्या वेळी आमच्याकडं सिव्हिलला मोठा मान. भूकंपानंतर अख्खा तालुका सिव्हिलवाल्यांनी उभा केला, आम्ही लहानपणापासून तेच बघत आलो. सिव्हिलला मरण नाही, असं जो तो म्हणायचा. अव्वाला तर घरातला एक तरी पोरगा पक्की घरं बांधणारा हवा होता. एरोनॉटिकल शिकून पोरगा करणार काय, लोहाऱ्यात विमानतळ आहे का, असं मला कितीजणांनी विचारलं. मी घरातला कर्ता. सत्तावीस वर्षांचा, पण मोठा शहाणा.

पंचमीच्या दिवशी चार वाजून चाळीस मिनिटांनी मी सिव्हिल वर घेतलं आणि एरोनॉटिकल पार तळाला टाकलं. त्याच वेळी तो जुन्या गावठाणातल्या लिंबाच्या झोक्यावर उभा राहून ओरडत होता, "लातूर दिसायलंय!" संध्याकाळी मी घडी घातलेला कागद त्याच्या हातात दिला. त्यानं न बघता खिशात ठेवला.

सिव्हिल लागलं तेव्हा मी त्याला सांगितलं, "पहिलं मिळालं नाही. मार्क कमी पडले." फॉर्म बदलला त्यापेक्षा हे वाईट केलं, शिवप्रिया. त्याचे मार्क कमी पडले नव्हते.

तो "बरं" म्हणाला. शिकला. पास झाल्यावर महिन्याभरात पुण्याकडं एका बांधकामावर लागला. आमच्या घरी पेढे वाटले. पुढच्या वर्षी चौदाव्या मजल्यावर स्लॅबची सळई तपासायला गेला आणि पायाखालची फळी सरकली. तेवीस वर्षांचा होता. आपल्याकडच्या रीतीनं त्याला बसवूनच माती दिली. मला तेव्हाही तो त्या वहीतल्या मोटारीत बसल्यासारखा वाटला. हे मी कधी कुणापाशी बोललो नाही.

त्याची पेटी आणायला मीच गेलो होतो. कपड्यांच्या तळाशी तो कागद होता, पंचमीला दिलेला. पहिल्या ओळीतल्या सिव्हिलला लाल पेनानं गोल केलेला. कोपऱ्यातल्या वेळेलाही गोल. चार चाळीस.

त्याला ठाऊक होतं. कधीपासून, ते कळायला मार्ग नाही. पण कॉलेजातून पहिल्या दिवाळीला आला, तेव्हापासून त्याची एक सवय होती. मला फोन केला की आधी विचारायचा, "अण्णा, आज किती भरले?" मला वाटायचं, भाऊ धंद्याची चौकशी करतोय. मी आकडा सांगायचो, वर फुशारकी मारायचो. तो ऐकून घ्यायचा. पाच वर्षं त्यानं एवढंच विचारलं. दुसरा एक शब्दही काढला नाही. काढला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

आता माझं स्वतःचं दुकान आहे. लोक म्हणतात, शांतलिंग अण्णाच्या हाताला यश आहे. काय शिकलं की नोकरी लागते, हे मला विचारायला येतात. मला काय डोंबल ठाऊक! मी एवढंच बघतो, की कॉम्प्युटरवाले, फार्मसीवाले, डी.एड.वाले सगळे चार वर्षांनी माझ्याच दुकानात तलाठी भरतीचा फॉर्म भरायला येतात. महांतेश एरोनॉटिकलला गेला असता तर कदाचित तोही बेकार फिरला असता. माझ्या शेजारी खुर्ची टाकून फॉर्म भरत बसला असता. मला चाललं असतं गं.

आणि आणखी एक. दुकानात येणाऱ्या पोरापोरींना मी पासवर्ड तोच देतो, 'उडतीगाडी', पुढं ज्याचं त्याचं जन्मसाल. लक्षात ठेवायला सोपा, असं सांगतो. जून-जुलैत दिवसातून तीस-चाळीस वेळा तो शब्द टाइप करतो. आणि दरवेळी खुर्चीच्या मागं कुणीतरी वाकून बघतंय, असं वाटतं. मागं भिंत आहे. कॅलेंडरसुद्धा लावलेलं नाही तिथं. तरी मी मान वळवत नाही.

आता तुझं. रविवारी तुझी आई बांगड्या भरायला गेली आणि मी तुझा फॉर्म उघडला. पासवर्ड टाकला. कॉम्प्युटर वर घेतलं, एरोनॉटिकल खाली. बोटं आपोआप चालली, तीच जुनी सवय. सेव्ह केलं आणि पाचच मिनिटांत तुझा फोन आला, "मामा, आज किती भरले?"

अगदी त्याच सुरात, पोरी. त्याचा हा प्रश्न तुला कुणी सांगितला असणं शक्य नाही. सगळी भाचरं मामाला असंच विचारत असतील, असं मी दोन दिवस स्वतःला समजावतोय.

काल मी ते पुन्हा तुझ्या यादीप्रमाणं लावायला बसलो होतो. माउसवर हात ठेवला आणि काढला. तेही मीच केल्यासारखं झालं असतं. मग तू जन्मभर म्हणशील, मामानं विमानात बसवलं. तुला ते हवं असेल तर तू कर. आईचं पटलं तर तेही तूच कर. आईची भीती खोटी नाही, ती तिच्याशी बोलून घे. मी सांगितलं म्हणून काहीच करू नकोस. पहिला विकल्प लागला की तीच जागा पक्की होते, मग मागं फिरता येत नाही, तेवढं ध्यानात ठेव.

उद्या बुधवार, संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे. पासवर्ड 'उडतीगाडी०७'. आत गेलीस की आधी तो बदल आणि नवा मला सांगू नकोस. ओटीपी माझ्या मोबाइलवर येईल. मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसतो. तू मागशील तेव्हा आकडे वाचून दाखवीन. काय बदललंस, ते विचारणार नाही.

तुझ्या आईला आणि अव्वाला हे सगळं अजून सांगितलेलं नाही. आज घरी गेल्यावर सांगणार आहे. अव्वा काय म्हणेल, याचाच विचार सकाळपासून करतोय.

समोरच्या लिंबाला झोका बांधलाय. दोराची कुरकुर इथं खुर्चीपर्यंत येते. मी आज उठून बाहेर जाऊन बघून आलो. कुणाच्या तरी दोन मुली होत्या, बाकी कुणी नव्हतं.

परवाच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. आज अकरा भरले. अकराही जणांना शेजारच्या खुर्चीत बसवून, शेवटचं बटण त्यांच्याच बोटानं दाबायला लावलं.

बारावा तुझा आहे. तो मी भरणार नाही.

महांतेशचा भाऊ,
आणि तुझा मामा,
शांतलिंग