बर्के खानाचा क

मी, रवींद्र नारायण केतकर, वय एकाहत्तर, निवृत्त पाइपलाइन इंजिनिअर, राहणार शुगर लँड, टेक्सास, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. वकील म्हणाले, टाइप करा. मी ऐकले नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

१. घर, गाडी व बँकेतली शिल्लक माझी मुलगी आसावरी हिला. कढीपत्त्याची कुंडीही तिचीच. शैलेंद्र मागायला आल्यास फांदी द्यावी, कुंडी नव्हे.

२. शैलेंद्र माझा सख्खा चुलतभाऊ. माझ्यानंतर चार वर्षांनी अमेरिकेत आला, माझ्याच घरी उतरला आणि बघता बघता मराठी मंडळाचा अध्यक्ष झाला. माझी शिडी त्याच्याकडे आहे. ती परत मागू नये. तो ती हसत हसत आणून देईल, आणि ते मला मेल्यावरही सोसणार नाही.

३. तीस वर्षे मी बर्के खानावर पुस्तक लिहितो आहे. बर्के हा चंगीझ खानाचा नातू, इस्लाम स्वीकारलेला मंगोल राजा. चुलतभाऊ हुलागूने बगदाद बुडवले, तेव्हा याने त्याच्यावर तलवार उपसली. विद्वान म्हणतात, धर्मासाठी. मी म्हणतो, हुलागूची कुरणे जास्त हिरवी होती म्हणून. शुद्ध भाऊबंदकी.

वीस वर्षांपूर्वी मंडळाच्या दिवाळी अंकात माझा लेख आला. संपादक शैलेंद्र. मथळा छापला, ‘बर्वे खानाचे धर्मांतर’. बर्वेकाकूंचा फोन आला, “आमच्यात खान कधी झाले हो?” कार्यक्रमात शैलेंद्र माइकवर गेला. “मंडळी, रिलॅक्स! आपले बर्वे सेफ आहेत. खान बर्के! टायपिंग मिस्टेक माझी, सॉरी यार!” हॉल खो खो हसला. मग माझ्याच लेखावर त्याने वीस मिनिटे भाषण ठोकले. तेव्हापासून तो ‘खानकाका’, आणि मला पोरे विचारतात, “तुम्ही बर्वेकाका ना?” मी जळलो. आजही जळतो. त्याने मुद्दाम केले असे गावभर सांगितले, त्याच्या घरची पायरी चढलो नाही. आसावरी म्हणते, “बाबा, ट्वेंटी इयर्स झाली, लेट इट गो ना.”

४. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना लेखाची हस्तलिखित प्रत सापडली. पाकिटावर शैलूचे अक्षर, ‘साभार परत’. मी ते कधी उघडलेच नव्हते. मथळ्यातल्या माझ्या ‘क’ला उजवीकडची शेपटी नाही. बिनशेपटीचा क म्हणजे व. शैलूने मी लिहिले तेच छापले होते, आणि ठाऊक असून चूक स्वतःवर घेतली होती. म्हणून हे मृत्युपत्र हाताने, प्रत्येक ‘क’ला शेपटी देऊन. एवढे मोठे मनही त्यालाच मिळावे, याचाही मला हेवा वाटतो.

सबब पुस्तकाचे हस्तलिखित शैलेंद्रला. शेवटचे प्रकरण त्याने लिहावे. मुखपृष्ठावर माझे नाव वर असावे, आणि मोठ्या टायपात.

५. हुलागू वारल्यावर बर्के दोन वर्षेही जगला नाही. जळायला कोणी उरले नाही, दुसरे काय. शैलूशिवाय मलाही जमायचे नाही. अमेरिकेत मी आधी आलो, वरही मीच आधी जाणार.

साक्षीदार: नकुल दामले, स्वानंदी वर्तक
ठिकाण: शुगर लँड. दिनांक: १४ सप्टेंबर २०२४
सही: रवींद्र नारायण केतकर (दोन्ही क तपासले आहेत.)