ती कुत्री कुणी शिकवली

ती कुत्री मी शिकवली होती. तुम्ही नाही. काल माझ्या लेकीच्या घरी, इथं दोहात, बिन महमूदमध्ये, तुमचा लाडका मुलगा रश्श्यात भाकरी चुरत माझ्या नातवंडांना सांगत होता, "आमच्या आबांनी अरबाच्या कुत्रीला असं तयार केलेलं, पक्षी आणायची पण पिसाला दात लागायचा नाही." नातू म्हणाला, "वॉव." मी वाढत होते. भावाच्या ताटात तर्रीची अजून एक पळी ओतली. म्हणून आज लिहितेय. आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली, आता नमस्कार-चमत्कार राहू दे. माझी शाळा चौथीत तुम्हीच बंद केलीत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका.

मला कतारला तुम्हीच बोलावून घेतलंत, हे मी नाकारत नाही. नवऱ्यानं टाकलेली मी, कडेवरची लेक आईजवळ ठेवून आले. दोहाच्या बाहेर मालकाचा मळा, तुम्ही तिथले राखणदार, मी स्वयंपाकीण. मालक शुक्रवारी पाहुणे घेऊन यायचा. बाकी सहा दिवस आपण दोघं, खजुराची झाडं आणि वाळू. मग तेलाच्या कंपनीतला एक गोरा साहेब मायदेशी जाताना मालकाला ती कुत्री देऊन गेला. वर्षाचीही नव्हती, पांढरी, कानावर तपकिरी डाग. मालक म्हणाला, लावा पक्ष्यांच्या मोसमापर्यंत हिला तयार कर. गावाकडं इनामदाराच्या शिकारी कुत्र्यांमागं तुमची जवानी गेलेली. छाती पुढं काढून म्हणालात, "इन्शाल्ला."

पक्षी हेरायला तुम्ही शिकवलंत, तेवढं तुमचं. लांब दोरी, झुडपात दडवलेलं कबूतर आणि "थांब!" मराठीतच, कारण दुसऱ्या भाषेत तुम्हाला दरडावता येत नव्हतं. पंधरा दिवसांत ती वास आला की जागच्या जागी थिजायची, पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक झुडपाकडं. मीही चूल सोडून बघायला यायचे. पण आणलेला पक्षी काही ती देईना. तुम्ही जबड्यातून ओढायचात, ती आणखी दाबायची, हातात यायचा नुसता चेंदा. "सोड म्हंतो न्हवं! सोड!" मग दोरीचे फटके. मी आतून म्हटलं, "आबा, ओढल्यावर कोण सोडंल?" तर म्हणालात, "तू भाकरी बघ. कुत्र्याचं मला शिकवतीस? नवरा सांभाळता आला न्हाई तुला." माझी जीभ कुणावर गेली, असं लोक अजून विचारतात.

दुपारी तुमचा डोळा लागला की ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येते. आत यायची तिला बंदी, कुत्र्याची लाळ त्या घरात चालत नाही, म्हणून तिचं ताट मी बाहेरच ठेवलेलं. मी एका जुन्या मोज्यात उकडलेलं अंडं घालून गाठ मारते आणि फेकते. ती आणते, पण फोडून. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी हातच पुढं करत नाही. उंबऱ्यावर बसून तिच्याकडं पाठ करते आणि कणीक मळते. थोड्या वेळानं ती वळसा घालून येते, मोजा मांडीवर ठेवते आणि माझ्या तोंडाकडं बघते. ती तोंड उघडत असतानाच मी हळू म्हणते, "सोड." तिला वाटावं, आपण केलं तेच हिनं सांगितलं. महिन्यात कच्च्या अंड्यावर आलो. मग मेलेलं कबूतर, मग पंख बांधलेलं जिवंत. ते जिवंत कबूतर तिनं माझ्या पदरात ठेवलं तेव्हा ते लाळेनं भिजलेलं, पण धडधाकट, माझ्यावरच डोळे वटारत होतं. त्या मळ्यावर मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. तुम्ही दारात उभे होतात. सगळं पाहिलंत. "कणकंचा हात धू," एवढंच म्हणालात.

पहिल्या शिकारीला मालकाची बंदूक वाजली, लावा पडला, ती गेली आणि घेऊन आली. तुम्ही हात पुढं केलात. तिनं मान फिरवली आणि गाडीपाशी मी चहा ओतत होते तिथं येऊन लावा माझ्या हातात सोडला. मालकानं पिसं फुंकून बघितली. एक दात नाही. कुणी शिकवलं, असं त्यानं विचारलं. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "अना." मी. "ही तिला खायला घालते, म्हणून तिच्याकडं गेली." सगळे हसले. तो शब्द मलाही येत होता, आबा. मालक खूश होऊन म्हणाला, अजून दोन पिल्लं आणतो, हाताखाली माणूस घे. मला वाटलं, आता तरी माझ्याकडं बोट कराल. तुम्ही म्हणालात, माझा मुलगा बोलावून घ्या, हे बाईमाणसाचं काम नाही. व्हिसा एकच, तो माझा होता; तो भावाला गेला. महिन्याच्या आत मी गावी, दुसऱ्यांच्या शेतात खुरपं धरून. खलास. आता भाऊ इथंच मुंतझा भागात मुलाकडं राहतो, आणि मी लेकीकडं पाहुणी म्हणून येते.

त्या वर्षी तुमचं एक पत्र आलं. अक्षर भावाचं. "कुत्री पुन्हा पक्षी चावते. ह्याच्याने जमत नाही. तू काय करत होतीस ते सविस्तर कळव." म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. चार ओळींचं काम होतं: मारू नका, ओढू नका, पाठ करून बसा. मी लिहिलं नाही. पोस्टकार्ड आणलेलं होतं, त्यावर मी लेकीला बाराखडी गिरवायला दिली. म्हटलं, चावू दे, होऊ दे फजिती. पुढं भाऊच सांगत होता, मालकानं तिला लांबच्या फाटकाला साखळीनं बांधलं आणि ती पुढचा उन्हाळा काढू शकली नाही. तुमची नोकरी राहिली, त्याची राहिली. मी सूड घेतला तो कुत्रीवर. हे लेकीलाही सांगितलेलं नाही, आणि हा कागदही कुणाला वाचायला देणार नाही.

तरी विचारते. "अना" म्हणताना तुम्हाला मी दिसत होते की नाही? उत्तर तुम्ही द्यायचं. भावाच्या अक्षरात नको.