चिठ्ठीवरची ‘कॅश बंद’

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी ७.४०. कॅम्प ५ च्या वजनकाट्यांच्या दुकानात सर्किट बोर्ड पुसत बसलोय.

आमच्या वजनकाट्याचा बोर्ड आकडा फार उशिरा दाखवायचा. आज जमलं नसतं तर शेठ मला काढणारच होते. माझ्याआधीच्या कारागिराने बोर्डाला चिठ्ठी लावलेली, ‘कॅश बंद’. आठवडाभर मला वाटलं, गिऱ्हाइकाकडून रोख घ्यायची नाही. विचारल्यावर शेठ त्यांच्या सिंधी ढंगात हसले, “साईं, रोकडा मैं कभी बंद करूँगा?” मग ट्यूब पेटली. प्रोसेसरची कॅश! सारखी लागणारी माहिती हाताशी ठेवणारी जलद मेमरी. त्याने चाचणीपुरती बंद केली आणि तशीच सोडली. मी प्रोग्रॅममध्ये चालू केली. वजन ठेवताच आकडा!

दोन्ही ‘कॅश’ लिहायची एकसारखीच, मग चूक माझी कशी? थोडी माझीच, आठवडाभर विचारलं नाही.

काटा पालेगावच्या गिऱ्हाइकाला द्यायचाय. शेठ म्हणाले, “कल पालेगाव तू चल, पार्टी को तू ही समझा.” बोलताना अडखळलो तर? अडखळेन. पण जाणार.