जाळी चष्म्याच्या डबीत आहे

प्रिय जावईबापू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडता चिमीच्या हातात दिलं असेल, तर कृपा करून परत मागून घ्या. पत्र तुम्हालाच आहे. सात वर्षांत मी तुम्हाला थेट असं काहीच सांगितलेलं नाही. जे सांगायचं ते लेकीमार्फत, आणि तुमचं उत्तर यायचं तेही तिच्यामार्फत, एकाच टेबलावर समोरासमोर बसून. फोन करता आला असता. दोनदा नंबर लावलाही. पण तुमचा आवाज ऐकला की मी हवापाण्याची चौकशी करून ठेवून देईन हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून पलीकडे घंटा वाजायच्या आत बंद केला. तुमच्या सासूबाईंना मी वीज कंपनीला तक्रार लिहितोय असं सांगितलंय. दुसरं पान घेतलं तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या, पण सध्या आमचं बोलणं बेताचंच असल्यामुळे मी वाचलो.

बोलणं बेताचं आहे ते तुमच्यामुळे. म्हणजे माझ्यामुळे. त्या रविवारपासून चिमी अकरा रविवार एकटीच येतेय. पहिल्या रविवारी म्हणे तुम्हाला दुकानात काम होतं. दुसऱ्या रविवारी सर्दी. ती सर्दी पुढे सहा रविवार टिकली. इतकी चिवट सर्दी मी तरी कोणाची पाहिली नाही. मग तिने कारणं देणं बंद केलं आणि मी विचारणं. दर रविवारी जेवायच्या वेळी तुमच्या सासूबाई तुमची खुर्ची बाहेर ओढतात, माझ्याकडे एकदा बघतात आणि परत आत सरकवतात. मला सत्तर वर्षं पूर्ण झाली त्या दिवशीही तेच. चिमीने मला शर्ट दिला, दोन मापं मोठा. ऐन वेळी घेतलाय हे लगेच कळत होतं, पण मी छान आहे म्हणालो आणि बाह्या दुमडून दिवसभर घालून फिरलो. तुम्ही पुन्हा या घरात यावं एवढंच मला हवं आहे. ते कसं जमवायचं ते कळत नाही, म्हणून आपलं पहिल्यापासून सांगतो.

त्या दुपारी मला जाग आली ती वासाने. डोळे चोळून, चष्मा चढवून स्वयंपाकघरात आलो तर ओट्यावर तुमचा प्लास्टिकचा डबा, डब्यात ब्लीचचं पाणी आणि पाण्यात दोऱ्याला बांधलेले मॉडेल गाडीचे चिमुकले भाग. बंपर, चाकांवरच्या वाट्या, दिव्यांच्या कडा आणि ती पुढची जाळी, माझ्या करंगळीएवढी. तुम्ही हातमोजे घालून चिमट्याने एकेक हलवत होतात आणि माझ्या डोळ्यांदेखत एक बंपर चंदेरीचा राखाडी झाला. आता तुम्हीच विचार करा. ज्या माणसाने अडतीस वर्षं नळ, सायकलींची हँडलं, गाड्यांचे बंपर, दवाखान्यातले ट्रे, हाताला लागेल त्याला क्रोमचा मुलामा दिला, त्याच्या घरात, त्याच्या ओट्यावर, त्याचाच जावई बसून क्रोम उतरवतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय चाललंय म्हणून विचारलं. तुम्ही नेहमीप्रमाणे आधी घसा खाकरलात. सात वर्षांत तुम्ही मला काका नाही, साहेब नाही, कसलीच हाक मारलेली नाही, नुसतं खाकरलात. मला बरेच दिवस वाटायचं तुम्हाला घशाचं काहीतरी जुनं दुखणं आहे. तर खाकरून तुम्ही म्हणालात की हे क्रोम खोटं दिसतं, काढून टाकतोय.

पुढे मी काय बोललो ते तुम्ही विसरला नसाल. मीही विसरलेलो नाही. काही लोकांच्या हातांना काही घडवता येत नाही, दुसऱ्यांनी घडवलेलं बिघडवता तेवढं येतं, असं मी म्हणालो. हे म्हणताना माझ्या नाकावर जो चष्मा होता त्याची भिंगं तुम्ही तुमच्या हातांनी घासली आहेत आणि त्याच्या काड्या माझे कान दुखू नयेत म्हणून तीनदा वाकवून दिल्या आहेत. एवढ्यावर थांबलो असतो तरी खूप झालं असतं. पण मी डबा उचलला आणि सिंकमध्ये पालथा केला. सिंकच्या भोकावरची चाळणी नेमकी धुवायला काढलेली होती. बाकीचे भाग दोऱ्यामुळे वाचले, जाळीची गाठ सुटली होती, ती गेली. तुम्ही इस्त्रीच्या पँटसकट गुडघ्यांवर बसून, टॉर्च लावून, अर्धा तास सिंकखाली शोधत होतात. मी बाहेर वर्तमानपत्राचं एकच पान वाचत होतो. मग तुम्ही उठलात, हात धुतलेत, चिमीला राहू दे म्हणालात आणि त्या गाडीचा खोका इथेच ठेवून निघून गेलात. तुम्ही चिडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

आता जे मी आजवर कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. क्रोम उतरवणं हे काही पाप नाही, हे मला तुमच्याहून चांगलं माहीत आहे. कारखान्यात लागलो तेव्हा पहिलं अख्खं वर्ष माझं कामच ते होतं. जुना, फुगे आलेला मुलामा आधी पूर्ण उतरवायचा, धातू उघडा करायचा, मगच नवा चढवायचा. जुन्यावर नवा चढवला तर दोन-चार महिन्यांत पापुद्रे सुटतात. उतरवणी नीट जमल्याशिवाय आमचे फोरमन कोणाला चढवणीच्या टाकीजवळ फिरकू देत नसत. मग मी एवढा का भडकलो? आमचा कारखाना बंद पडला तो याच प्लास्टिकवरच्या चमकीमुळे. हलकी, स्वस्त आणि एका दिवसात गाडीभर तयार. शेवटच्या दिवशी मालकांनी आम्हा प्रत्येकाला एकेक नळ भेट दिला. हातात घेतल्याबरोबर वजनावरून कळलं, प्लास्टिकचा. तो आमच्या न्हाणीघरात बसवलेला आहे आणि सांगायला लाज वाटते, पण बारा वर्षांत एकदाही गळलेला नाही. त्या चमकीला तुम्ही खोटी म्हणालात, म्हणजे खरं तर माझ्याच मनातलं बोललात. मी मात्र ते माझ्या अडतीस वर्षांवर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या सासूबाई बाजारात गेल्या तसा मी सिंकखालचा वाकडा पाइप उघडला. खाली आधी बादली ठेवायची असते हे उघडल्यावर आठवलं. थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई वर आल्या, त्या उघडी छत्री घेऊनच. त्यांना कसंबसं वाटेला लावून मी तो गाळ वर्तमानपत्रावर पसरला. दोन बटणं निघाली, एक छोटा चमचा निघाला आणि निघालं तुमच्या सासूबाईंचं कानातलं, जे माझ्या बहिणीनेच नेलं असं ठरवून त्यांनी तिच्याशी नऊ वर्षं अबोला धरला होता. त्यांना तिला फोन करावाच लागला. आता दोघी रोज बोलतात, तासतासभर, आणि विषय बहुतेक मीच असतो. त्याच गाळात तुमची जाळी होती, अर्धी चंदेरी, अर्धी राखाडी. होय जावईबापू, जाळी मला दुसऱ्याच दिवशी सापडली. मी ती धुतली, पुसली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि कोणाला काही बोललो नाही. वाटलं, नुसती कशी द्यायची, नीट करून देऊ. नीट करून दिली की माफी मागावी लागणार नाही, असा माझा हिशेब होता.

उरलेलं अर्धं क्रोम काढायचं एवढंच काम होतं. तुमच्यासारखं थंड पाण्यात ठेवून वाट पाहिली असती तर कुठे बिघडलं होतं? पण माझ्या अंगात कारखाना शिरला. आमच्याकडे उतरवणीच्या टाकीतून वाफा निघत असायच्या. पाणी थंड असलं की फोरमन खवळायचे. ते पाणी लोखंडासाठी असायचं, ही बारीकशी गोष्ट मी विसरलो. गटार साफ करायचा सोडा आणला, स्टीलच्या पातेल्यात घातला, गॅसवर चढवला आणि वाफ यायला लागल्यावर जाळी आत सोडली. पापणी लवायच्या आत क्रोम गेलं. मी स्वतःवर खूश होणार तेवढ्यात जाळी दोन्ही टोकांनी वर वळायला लागली. चिमट्याने बाहेर काढली तेव्हा ती गाडीच्या तोंडाला लावली असती तर गाडी जन्मभर हसत राहिली असती. क्रोमच्या खाली एक पिवळट वार्निश असतं हेही मला ठाऊक नव्हतं. ते मी जुन्या टूथब्रशने चोळून काढलं. तो टूथब्रश जुना नव्हता, हे त्या संध्याकाळी कळलं. पुढचे पाच दिवस रोज जाळी ऊन पाण्यात बुडवून दोन चमच्यांमध्ये दाबत बसलो. आता ती सरळ आहे. डावा कोपरा अगदी किंचित वर राहिलाय, माझ्याच्याने तो काही उतरला नाही.

गेल्या रविवारी चिमी गेल्यावर जाळी बसते का बघावं म्हणून तुमचा खोका कपाटावरून खाली काढला. दुसऱ्याचा खोका उघडू नये हे मला कळतं, पण मी उघडला. झाकणावरचं चित्र तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ती गाडी! जिचे बंपर सहा वर्षं माझ्या टाकीतून गेले, जिच्याबद्दल मी जेवताना बोलायला लागलो की तुमच्या सासूबाई भांडी आवरायला उठतात आणि चिमीला कोणाला तरी फोन करायचा असतो. तुम्ही तेवढे बसून असायचात. मला वाटायचं, तुम्ही सावकाश जेवता.

खोक्याच्या तळाशी, जोडणीच्या कागदाखाली, तुमच्या दुकानाच्या पॅडचा एक कागद होता. तुमचं अक्षर, चष्म्याचे नंबर लिहावेत तसं बारीक. चमकीवर गोंद धरत नाही, आधी सगळी उतरवणे. त्याच्याखाली: बाबा म्हणतात, खऱ्या क्रोममध्ये काळसर निळी खोली असते, खेळण्यातली चमक पांढरी दिसते, म्हणून आधी चकचकीत काळा, वर चंदेरीचा पातळ हात. त्याच्याखाली: बाबा म्हणतात, बंपरच्या आतल्या कडेला मुलामा नेहमी पातळ बसतो आणि गंज तिथूनच लागतो, ती कडा थोडी फिकी ठेवणे. असं पाच ठिकाणी. यातली काही वाक्यं मी चार-चार वर्षांपूर्वी बोललेली आहेत, माझी मलाच आठवत नव्हती. सगळ्यात वर माझ्या सत्तराव्या वाढदिवसाची तारीख आणि तिच्याखाली दोन रेघा. मला तो मोठा शर्ट तेव्हा कळला. मी खोका मिटला, न्हाणीघरात गेलो, तो न गळणारा नळ सोडला आणि रडलो. तुमच्या सासूबाईंनी बाहेरून दार वाजवून पाणी कशाला वाया घालवताय म्हणून विचारलं, ते तीन महिन्यांतलं त्यांचं माझ्याशी सगळ्यात मोठं वाक्य होतं.

जावईबापू, मी चुकलो. एवढं लिहायला मला चार पानं लागली, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. तुमच्या हातांबद्दल जे बोललो ते मी परत घेतो. बाकीच्या भागांना मी हात लावलेला नाही, ते दोऱ्यासकट तसेच खोक्यात आहेत. काळा रंग तुम्ही द्यायचा, चंदेरी तुम्ही द्यायची. मी शेजारी बसून कोणती कडा फिकी ठेवायची तिथे बोट दाखवीन आणि तोंड बंद ठेवीन, निदान तसा प्रयत्न करीन. जाळी पोस्टाने पाठवत नाही. ती चष्म्याच्या डबीत आहे, आणि त्यामुळे चष्मा अकरा आठवडे उघडा फिरून त्यावर ओरखडा पडलाय, तोही तुम्हालाच काढावा लागेल. रविवारी या. खुर्ची बाहेर ओढलेलीच असेल. दारात आल्यावर घसा खाकरू नका. कागदावर जी हाक लिहिलीत ती एकदा मोठ्याने मारा. मी आतल्या खोलीत असलो तरी ओ देईन.

तुमचाच,
बाबा