आश्विनातली राखण

१ ऑक्टोबर
कडावच्या समस्त सुनांनो! "गोड बातमी कधी?" हा प्रश्न आपल्याला रोज विचारला जातो. आणि विचारणारे बसलेले असतात कुठे? आपल्याच पलंगावर!

महिला मेळाव्यात मी माईक सोडत नाही. घरात मात्र "जरा बाहेर बसा" एवढंही म्हणवत नाही. आंदणात आलेला टीव्ही आमच्या खोलीत, म्हणून सगळं घर आमच्या खोलीत! मालिकेतल्या सुनेला दिवस गेले की सगळे वळून माझ्याकडे बघतात.

३ ऑक्टोबर
मालिका संपली. सासूबाई तिथंच आडव्या — "कंबर धरली गं." नवरा, ऋषिकेश, उशी घेऊन ओटीवर. लग्नाला तीन वर्षं झाली! डॉक्टर म्हणतात, दोघांत काही दोष नाही. कसा असेल? दोघं असतो कधी!

६ ऑक्टोबर
दोघंच माथेरानला जाणार होतो. सासरे म्हणाले, "मंग आमी कदी बसायचं घोड्यावर?" टेंपो भरून निघालो. कुकरसुद्धा आला! हॉटेलात खोली एकच.

९ ऑक्टोबर
आज टीव्हीसमोर उभी राहून बोलले. कुटुंबव्यवस्थेचा पार आदिमानवापासूनचा इतिहास मांडला. "नातवंड हवं असेल, तर ही खोली सोडा!" सगळे माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, जिंकले!
सासरे — "बाजूला हो गं, जायरात संपली."

१० ऑक्टोबर
भाजी निवडताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "माजी तिन्ही पोरं आषाढातली. का, ठाव हाय?"
"का?"
"आश्विनात भाताची राखण. मचाणावर आमी दोगंच. घरात माजी सासू मदी निजायची!"
"म्हणजे... रानडुकरांमुळे?"
"तर! आता तुज्या सासऱ्यानं तारंचं कुंपण घातलं. डुक्कर नाय, राखण नाय, नातवंड नाय."
एवढी पुस्तकं वाचली मी. एकातही डुक्कर नव्हतं!

१२ ऑक्टोबर
पहाटे सासूबाईंची बोंब — "डुक्कर शिरलं रं!" कुंपण कापलेलं, भात तुडवलेलं. चिखलात सासूबाईंच्या चपलेचे ठसे! मी त्यावर पाय ठेवून उभी राहिले.
सासरे — "ऋषिकेश, राखणीला जा. सूनबाई, तू बी जा. एकट्याला झोप लागंल त्याला."

१३ ऑक्टोबर
मचाण. काही लिहिणार नाही.

१९ ऑक्टोबर
सासऱ्यांनी बॅटरी उचलली. "पोरं दमली. आज आमी जातो." सासूबाई लाजल्या! जाऊबाई लगेच — "उद्या आमी हां!"

२० नोव्हेंबर
दिवस गेले! सासूबाईंना सांगितलं. बोटांवर न मोजता म्हणाल्या, "आषाढ."
सुनांनो, कुंपण कापा!